३२० एकरांचा कागद: जर्मन माणूस टेक्ससमध्ये कसा रुजला

कोमलकाठ

जून उजाडला की ऑस्टिनमधल्या आमच्या मराठी टोळक्याचा एक ठरलेला बेत असतो. ऊन तापायच्या आत एन्चँटेड रॉकचा तो तांबूस दगडी घुमट चढून यायचं (सिंहगडवाल्यांना त्याचं काहीच वाटत नाही, पण इथे डोंगर मुळातच इतके कमी की आहे त्याचंच कौतुक), आणि उतरल्यावर फ्रेडरिक्सबर्गला जाऊन पेटीभर पीच घ्यायचे. गेली सहा वर्षं मी त्या गावात पीच, आइस्क्रीम आणि पार्किंग यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. यंदा भर दुपारी पाऊस कोसळला आणि आम्ही चौकातल्या एका आठकोनी इमारतीत शिरलो. आत गावाचा इतिहास मांडलेला. पोरं कंटाळली, बायको बाकावर टेकली, आणि मी भिंतींना चिकटून. पाऊस कधी थांबला ते कळलंसुद्धा नाही. घरी आल्यावर ग्रंथालयातून आणून बरंच वाचलं, त्याचा हा धागा.

सुरुवात एका पत्रापासून आहे. फ्रीडरिश एर्न्स्ट नावाचा ओल्डेनबुर्गकडचा माणूस १८३१ साली टेक्ससमध्ये आला. तेव्हा टेक्सस मेक्सिकोचा भाग होता आणि कुटुंबाला चार हजार एकरांवर जमीन मिळत होती. त्याने गावाकडच्या मित्राला पत्र लिहिलं, ते तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आलं, आणि आपल्याकडे दुबईहून पहिला माणूस परतल्यावर गल्लीत जे होतं ते तिकडे झालं. नैऋत्य जर्मनीत भाऊवाटण्या होऊन होऊन शेतं पट्ट्यांएवढी उरली होती. कारखान्यांपुढे विणकरांचं काही चालेना. सक्तीची लष्करी चाकरी होतीच. अशा वेळी चार हजार एकर हा आकडा वाचून झोप येईल का कुणाला?

पण खरा घोळ पुढे आहे. १८४२च्या एप्रिलमध्ये ऱ्हाइनकाठी बीब्रिखच्या वाड्यात २१ सरदार-दरकदार जमले आणि त्यांनी स्थलांतरितांसाठी एक मंडळी काढली. लांबलचक जर्मन नाव होतं, लोक आडेल्सफेराइन म्हणत, म्हणजे सरळ 'सरदार मंडळी'. गरिबांचं भलं करायचं, टेक्ससमध्ये जर्मन मालाला बाजारपेठ करायची, जमलं तर आपला शब्द चालेल असा एक मुलूख उभा करायचा, असे सगळे हेतू एकाच पिशवीत. वाईट माणसं नव्हती. फक्त यातल्या कुणी आयुष्यात हिशेबाची वही उघडली नव्हती.

करार असा होता. एकट्या पुरुषाने ३०० गुल्डन (तेव्हाचं जर्मन चलन) भरायचे, कुटुंबाने ६००. बदल्यात जहाजाचं भाडं, बंदरापासून बैलगाडी, ओंडक्यांचं घर, शेती उभी राहीपर्यंत उधारीवर शिधा आणि अवजारं. शिवाय एकट्याला १६० एकर, कुटुंबाला ३२०. जे घरदार विकून निघाले त्यांनी हा कागद छातीशी धरून अटलांटिक ओलांडला.

आता जमीन कुठली? मंडळीने फिशर आणि मिलर या दोघांच्या ताब्यातल्या मुलखात हिस्सा घेतला. लानो आणि कोलोराडो नद्यांमधला सुमारे ३८ लाख एकरांचा पट्टा. म्हणजे आपला अख्खा पुणे जिल्हा, भोरपासून जुन्नरपर्यंत. यात तीन गोष्टी सरदारांच्या लक्षात आल्या नाहीत. एक, ती जमीन फिशर-मिलरच्या मालकीची नव्हतीच, तिथे लोक आणून वसवायचा नुसता ठेका होता, तोही मुदतीचा. दोन, ती किनाऱ्यापासून इतकी आत होती की बैलगाडीने जायला आठवड्यांमागून आठवडे लागावेत. तीन, तिथे कोमांची आदिवासी राहत होते आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मंडळीचा पहिला कारभारी होता प्रिन्स कार्ल झोल्म्स-ब्राउनफेल्स. १८४४च्या डिसेंबरात पहिली जहाजं मॅटागोर्डाच्या आखातात लागली. ३८ लाख एकरांपर्यंत पोहोचणं अशक्य आहे एवढं प्रिन्सच्या लक्षात आलं, ही एक गोष्ट त्याच्या बाजूने लिहायला हवी. त्याने मध्येच, कोमल नदीच्या झऱ्यांपाशी, बाराशे-साडेबाराशे एकर १,१११ डॉलरला विकत घेतले आणि १८४५च्या मार्चमध्ये, गुड फ्रायडेच्या दिवशी न्यू ब्राउनफेल्स वसवलं. ही निवड इतकी नेमकी निघाली की पाच वर्षांत ते टेक्ससमधलं चौथ्या क्रमांकाचं गाव झालं. मग त्याने टेकडीवर आपल्या वाग्दत्त वधूच्या नावाने, झोफी या राजकन्येच्या, गढीची पायाभरणी केली. राजकन्या आयुष्यात कधी टेक्ससला आली नाही, आणि प्रिन्सही दोन महिन्यांत जर्मनीला परत गेला. मागे उरली ती उधारी.

त्याच्या जागी आला ऑटफ्रीड हान्स फॉन मॉयझेबाख. उतरल्याबरोबर त्याने 'फॉन' आणि सरदारकी टाकून दिली आणि 'जॉन ओ. मॉयझेबाख' अशी सही करायला लागला. हिशेब मागितले तर हिशेब नव्हतेच. आणि जर्मनीतली मंडळी जहाजांवर जहाजं पाठवत होती. १८४५च्या हिवाळ्यापासून १८४६च्या वसंतापर्यंत पाच हजारांहून जास्त माणसं त्या किनाऱ्यावर उतरली. पुढे इंडियानोला नाव पडलं त्या जागेचं. तेव्हा तिथे वाळू, दलदल आणि तंबू. पावसाने वाटांचा राडा झालेला. त्यातच मे १८४६ मध्ये अमेरिकेचं मेक्सिकोशी युद्ध जुंपलं आणि गाडीवाले होते नव्हते ते बैल घेऊन जास्त पैसे देणाऱ्या लष्कराकडे गेले. काही खंदकांत राहिले, काही पायी निघाले. हगवण, ताप. शेकडो माणसं त्या वाळूत आणि न्यू ब्राउनफेल्सच्या वाटेवर मेली. छातीशी धरलेला ३२० एकरांचा कागद त्यांच्याबरोबरच गेला.

मॉयझेबाखने मंडळीला पत्रांमागून पत्रं पाठवली, पैसे येईनात. शेवटी त्याने जर्मनीतल्या वर्तमानपत्रांत ही सगळी दुर्दशा छापून येईल अशी व्यवस्था केली. लाज वाटून मंडळीने ६०,००० डॉलरची पतहुंडी पाठवली. कोण म्हणतं सोशल मीडिया नवीन आहे?

दरम्यान त्याने ८ मे १८४६ ला आणखी आत फ्रेडरिक्सबर्ग वसवलं. पहिली सार्वजनिक इमारत म्हणून १८४७ मध्ये चौकात एक आठकोनी घर उठलं: रविवारी प्रार्थना, एरवी शाळा, वेळ आली तर गढी. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पाळीपाळीने वापरत. आकारामुळे लोक तिला काफेम्यूल म्हणत, कॉफी दळायची गिरणी. १८९७ मध्ये पाडली, नंतर तशीच पुन्हा बांधली. मी पावसात शिरलो ती हीच.

मला यातून दिसतं ते असं. ही वसाहत योजनेमुळे झाली नाही, योजना मोडल्यावर झाली. सरदार मंडळी काही वर्षांत दिवाळखोर झाली. ज्यांना ३२० एकर मिळायचे होते त्यांना गावात घराची जागा आणि गावाबाहेर १० एकरांचा तुकडा मिळाला, आणि त्यावरच ते राहिले. कोमांचींशी मॉयझेबाखने केलेल्या तहाबद्दल लिहायचं राहिलं, पण लेख लांबला. प्रतिसादांत बोलूच.

केळफूल

वाखुसा (वाचनखूण साठवली)! आम्ही डॅलसचे, पण फ्रेडरिक्सबर्गला दोनदा राहिलो आहोत. तिथे 'संडे हाउस' नावाची इवलीशी घरं पाहिली होती, आता भाड्याने देतात. खालच्या मजल्यावर जेमतेम दोन खोल्या, आणि वर माळ्यावर जायचा जिना घराच्या बाहेरून! नवऱ्याचं म्हणणं, आतून जिन्याला जागा सुचली नाही. खरं कारण कुणाला माहीत आहे का?

कोमलकाठ

केळफूल, नवऱ्याचं अगदीच चूक नाही. :-) आतला जिना निम्मी खोली खातो. शेतकरी दहा-पंधरा मैलांवर शेतावर राहायचे. शनिवारी गाडी जुंपून गावात यायचं, बाजार करायचा, रात्र या घरात काढायची, रविवारी चर्च करून परत. पोरं बाहेरच्या जिन्याने माळ्यावर झोपायला. बहुतेक घरं १८९० नंतरची. मोटारी आल्या आणि त्यांची गरज संपली. त्याआधी म्हातारे आई-वडील शेत मुलाच्या हवाली करून तिथेच राहायला यायचे, चर्च आणि डॉक्टर जवळ म्हणून.

जुन्या घरांच्या भिंती बघितल्यात का? लाकडी चौकट, तिरप्या तुळया, आणि मधल्या खणांत चुनखडीचे दगड. पद्धत जर्मनीतली, फक्त तिथे खणांत माती किंवा वीट असायची, इथे दगड पायाशी पडलेला. मला वाड्यांच्या लाकडी सांगाड्याची आठवण झाली. एका खणात गिलावा निघाला होता, आत दगड कसे एकमेकांत बसवलेत ते बोट घालून बघता येत होतं.

खारेदाणे

लेख रंजक आहे, पण 'कोमांचींना कुणी विचारलं नव्हतं' या एका वाक्यावर भागवलंत. टेक्ससमधल्या प्रत्येक माहितीफलकावर 'कधीही न मोडलेला तह' म्हणून जो अभिमान मिरवतात, त्याचं काय? तह मोडला नाही, तर मग कोमांची कुठे गेले?

कोमलकाठ

रास्त प्रश्न. आधी तह. १८४७च्या सुरुवातीला मॉयझेबाख चाळीसेक माणसं घेऊन थेट कोमांची मुलखात गेला. मार्चच्या पहिल्या दोन दिवसांत सान साबा नदीकाठी बोलणी झाली. समोर पेनाटेका या कोमांची शाखेचे म्होरके: बफेलो हंप, सांता अ‍ॅना, ओल्ड आउल. मॉयझेबाखची दाढी लालभडक, त्यावरून त्यांनी त्याला 'एल सोल कोलोराडो', तांबडा सूर्य, असं नाव दिलं. ठरलं ते असं: जर्मनांनी लानोच्या पलीकडे जावं, मोजणी करावी, कोमांचींनी जर्मन गावांत मोकळेपणी यावं, भांडण झालं तर एकमेकांना कळवावं. बदल्यात ३,००० डॉलरच्या भेटवस्तू. ९ मे १८४७ ला फ्रेडरिक्सबर्गमध्ये सह्या झाल्या. मूळ कागद आज ऑस्टिनच्या राज्य ग्रंथालयात आहे.

या तहात टेक्सस सरकार नव्हतं, वॉशिंग्टन नव्हतं. एका बुडत्या मंडळीचा कारभारी आणि ज्यांची जमीन ते, एवढेच. म्हणून तर तो टिकला असावा असं मला वाटतं.

खारेदाणे

टिकला म्हणजे दोन्ही बाजूंनी सही विसरले नाहीत. पण १८४९ मध्ये पटकीने पेनाटेकांची धूळधाण केली. उरलेल्यांना १८५५ मध्ये टेक्ससने एका राखीव तुकड्यावर बसवलं आणि १८५९ मध्ये तिथूनही हुसकून आजच्या ओक्लाहोमात घालवलं. क्वाना पार्कर या म्होरक्याचे शेवटचे कोमांची १८७५ मध्ये फोर्ट सिलच्या लष्करी ठाण्यात शरण आले. तह शाबूत, पक्षकार गायब. मोजणीची साखळी एकदा जमिनीवर पडली की पुढचं काम आपोआप होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही आदिवासी पाड्यावर विचारा.

कोमलकाठ

मान्य. जर्मनांनी तह मोडला नाही, पण त्या तहाने ज्या वाटा उघडल्या त्यांवरून पुढे सगळेच आले. 'अभिमान' हा शब्द मीही वापरणार नाही.

रंगपंचमी

जर्मन गुलामीविरोधी होते असं इथल्या सहलीत आम्हाला ठासून सांगितलं होतं. ते खरं की पर्यटन खात्याचं?

अडकित्ता

रंगपंचमी, दोन्ही. सरदार मंडळीनेच १८४३ मध्ये फायेट परगण्यात नासाउ नावाचा मळा घेतला आणि तो गुलामांकडूनच कसला जात होता. पूर्वेकडे, कापसाच्या पट्ट्यात राहिलेले जर्मनही काही वेगळे नव्हते. टेकड्यांमधले मात्र वेगळे. तिथे १८४८ची क्रांती फसल्यावर पळून आलेले शिकलेसवरलेले लोक होते. दिवसा नांगर, रात्री लॅटिन, म्हणून त्यांच्या वस्त्यांना 'लॅटिन वसाहती'च म्हणत. त्यांच्याही आधी, १८४७ मध्ये, बेटिना नावाची साम्यवादी वसाहतही निघाली होती. प्रत्येकाने मनाला येईल ते काम करायचं, हा नियम. वर्षभरही टिकली नाही. (आमच्या वसतिगृहाच्या मेसचा नियमही हाच होता, ती तीन महिने टिकली.)

१८६१ मध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या तोंडावर, टेक्ससने संघराज्यातून फुटायचं की नाही यावर मतदान झालं तेव्हा फ्रेडरिक्सबर्गच्या गिलेस्पी परगण्यात शंभरातल्या नव्वदांहून जास्त मतं फुटण्याच्या विरोधात पडली. पण न्यू ब्राउनफेल्सच्या कोमल परगण्याने फुटण्याच्या बाजूने कौल दिला, हे सहलीत सांगत नाहीत.

आणि मग न्युएसेस. १८६२ मध्ये साठेक जण, बहुतेक जर्मन, फुटलेल्या दक्षिणेच्या सैन्यात भरती व्हायचं नाही म्हणून मेक्सिकोकडे निघाले. १० ऑगस्टला उजाडता उजाडता न्युएसेस नदीकाठी त्यांच्या तळावर हल्ला झाला. १९ जण चकमकीत गेले. जखमी होऊन मागे राहिलेल्या ९ जणांना नंतर मारलं. प्रेतं तीन वर्षं तशीच उघड्यावर. युद्ध संपल्यावर घरच्यांनी जाऊन हाडं गोळा केली आणि कम्फर्ट गावात आणून पुरली. तिथे १८६६ मध्ये उभारलेला चुनखडीचा स्तंभ आहे, वर जर्मनमध्ये 'ट्रॉय डेर उनिओन', संघराज्याशी इमान, आणि खाली नावं. हमरस्त्यावरून पाच मिनिटांत पोहोचता. आम्ही गेलो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

तंजावरचीसून

मला यात भाषेचं कुतूहल आहे. माझं सासर तंजावर मराठी. व्यंकोजीराजांच्या काळापासून तिकडे, म्हणजे साडेतीनशे वर्षं होत आली. लग्नात सासूबाई माझ्याशी जे बोलल्या ते मला आधी तमिळच वाटलं. मग एकेक शब्द ओळखीचा निघायला लागला. लिपी बहुतेकांना येत नाही, पण घरात मराठीच. या जर्मनांचं काय झालं?

कोमलकाठ

वा, हाच प्रश्न हवा होता. इथल्या जर्मनला 'टेक्सस जर्मन' म्हणतात आणि ती मरणपंथाला आहे. टेक्सस विद्यापीठात हान्स बोआस नावाचे भाषातज्ज्ञ २००१ पासून म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवतायत. १९४० च्या सुमाराला लाख-दीड लाख बोलणारे होते, आता उरलेत ते बहुतेक ऐंशीच्या पुढचे.

लोक जर्मनीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून आले, त्यामुळे बोली मिसळल्या. मग नव्या गोष्टींना घरच्या घरी नावं पडली. स्कंक नावाचा घाण वास सोडणारा प्राणी युरोपात नाही. जर्मनीत त्याला श्टिंकटीअर म्हणतात, 'घाणेरडा प्राणी', इथे म्हणतात श्टिंककात्स, 'घाणेरडी मांजर'. विमानाला लुफ्टशिफ, म्हणजे हवेतलं जहाज, कारण हे लोक निघून आले तेव्हा विमानच नव्हतं आणि जर्मनीतला पुढचा शब्द यांच्यापर्यंत पोहोचला नाही. आणि कुंपणावरून गाय उडी मारते त्याचं प्रसिद्ध वाक्य: 'दी कू इस्ट युबर डेन फेन्स गेजम्प्ट.' फेन्स इंग्रजी, जम्प इंग्रजी, पण प्रत्यय अस्सल जर्मन. हसण्याआधी आठवा, काल संध्याकाळी मी आईला फोनवर काय म्हणालो: 'गाडी पार्क करून ग्रोसरी पिकअप केली.'

तंजावरचीसून

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, 'मग त्यांनी सोडली कशाला?'

अडकित्ता

सोडली नाही, सोडायला लावली. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणजे शत्रू. १९१८ मध्ये टेक्ससने सरकारी शाळांत इंग्रजीच हवी असा कायदा केला. नेब्रास्काचा असाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये रद्द ठरवला, पण तोवर आया मुलांशी इंग्रजीत बोलायला लागल्या होत्या. गंमत म्हणजे न्यू ब्राउनफेल्सचं वर्तमानपत्र (१८५२ मध्ये लिंडहायमर या वनस्पतिशास्त्रज्ञाने सुरू केलेलं, तो संपादकी करून उरलेल्या वेळात झाडपाला गोळा करायचा) थेट १९५७ पर्यंत जर्मनमधून निघत होतं. म्हणजे वाचणारे होते, पण त्यांची पोरं बोलत नव्हती. दुसऱ्या महायुद्धाने उरलंसुरलं संपवलं. त्याच युद्धात पॅसिफिकमधलं अमेरिकी आरमार ज्याच्या हाताखाली होतं, तो चेस्टर निमित्झ फ्रेडरिक्सबर्गचा. त्याच्या आजोबांचं हॉटेल गावच्या मुख्य रस्त्यावर, दर्शनी भाग आगबोटीसारखा बांधलेला. समुद्रापासून इतक्या लांब!

केळफूल

ज्या किनाऱ्यावर ते सगळे उतरले, त्या इंडियानोलाला काही आहे का बघण्यासारखं? पोरांना घेऊन जावं म्हणते.

कोमलकाठ

काही नाही. पुढे मोठं बंदर झालं होतं, १८७५ च्या वादळाने मोडलं, लोकांनी परत उभारलं, १८८६ च्या वादळाने पुन्हा मोडलं, मग नाद सोडला. आता एक दगडी खूण, मासे पकडणारे लोक आणि वाळू. पोरं शिंपले वेचतील. डास चिकार, तेल लावून जा.

नवखा_७८७

पहिलाच प्रतिसाद, चूक झाली तर सांभाळून घ्या. मी पुण्यात तीन वर्षं मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलो, गेल्या महिन्यात ऑस्टिनला आलो. घर बघायला म्हणून एजंटला फोन केला आणि 'म्यूलर' भागात हवं असं नीट ओठांचा चंबू करून सांगितलं. तिला कळेना. तीनदा सांगितलं, स्पेलिंग सांगितलं. शेवटी म्हणाली, 'ओह, मिलर!'

अडकित्ता

स्वागत. आता पुढचा धडा: केनिग लेन म्हणायचं, लिहितात मात्र क्योनिग. ग्रुएन दिसतं ते ग्रीन. सॅन अँटोनिओजवळ बोएर्ने दिसेल, म्हणायचं बर्नी. ल्युडविग ब्योर्ने या लेखकाचं नाव होतं ते.

नवखा_७८७

तीन वर्षांची फी परत मिळेल का?